धुकं कुठून सरतं

२८ मार्च

तुमच्यापुरतं

ताई,

तुमचं कार्ड आलं. हात पुसायच्या आधीच अक्षर ओळखलं. बारा वर्षं झाली, पण तुमचा 'ह' अजून तसाच, जेवून उठल्यासारखा पोट पुढे काढून उभा. फोनवर आता तुम्हाला नीट ऐकू येत नाही हे वाचून वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, कारण फोनवर मी नुसती रडले असते आणि तुम्ही "काय? काय?" करत बसला असता.

मोठ्या भाऊजींचं हृदय थकलंय, डॉक्टर ऑपरेशन करू म्हणतात आणि भाऊजी नको म्हणतात, एवढं सगळं तुम्ही चार ओळींत उरकलंत. "माझं सगळं करून झालंय, आता कशासाठी चिरून घेऊ," हे वाचताना त्यांचा आवाजच कानात आला. औषधांवर वर्षभर निघेल, पुढचं सांगता येत नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं मात्र मी परत परत वाचलं.

दिवसभर खिडकीशी बसतात आणि एवढंच विचारतात, की तिकडे वारा सुटला असेल का. आपल्या घरच्या लाँड्रीबद्दल विचारत नाहीत. धाकट्या भावाबद्दल तर नाहीच नाही. घर सोडताना दारात उभं राहून म्हणाले होते, "या घरातली एकही गोष्ट माझ्या कानावर घालायची नाही." तो शब्द ते अजून पाळताहेत. हट्टाच्या बाबतीत हे दोघे अगदी सख्खे. आणि त्यावर तुम्ही काय लिहिलंत, "हवा काही घरातली गोष्ट नाही. तेवढी तू कळव, मी वाचून दाखवीन." ताई, तुम्ही वकील व्हायला हव्या होतात.

तर असं करते. एका कागदावर नुसती हवा लिहिते, तो मोठ्याने वाचा. दुसरा कागद तुमच्यापुरता. यांना अजून काही सांगितलेलं नाही. कसं सांगावं ते सुचत नाहीये. तुमचं कार्ड सध्या साबणाच्या डब्यामागे आहे.

मोठ्याने वाचायचं

वारा सुटला. नेहमीसारखाच, दुपारची जेवणं उरकून माणसं जरा आडवी होतात तेव्हा. सकाळी पानही हलत नाही. मग टेकडीवरच्या झाडांचे शेंडे हलायला लागतात, आणि तिथून मैदानापर्यंत यायला त्याला चहा उकळण्याइतका वेळ लागतो. आला की तारा गुणगुणतात. चादरींचं नाव काढत नाही, पण त्या हवेतच असतात, त्यामुळे सांगायला हरकत नसावी. त्या पोट फुगवून उभ्या राहतात आणि खालून चालणाऱ्याच्या कानफटात मारतात.

रेडिओवर रोज जिल्ह्याची हवा सांगतात, ती अजूनही टेकडीपलीकडचीच असते. परवा "आकाश ढगाळ राहील" म्हणाले आणि इथे डोळे उघडवत नव्हते एवढं ऊन. टेकडीच्या अलीकडेही जिल्हा आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

१४ मे

मोठ्याने वाचायचं

उन्हाळा ऐन भरात आहे. तारेच्या या टोकाला शेवटचा चिमटा लावेपर्यंत त्या टोकाची चादर कडक झालेली असते. चारच्या सुमारास मैदानाच्या कोपऱ्यात धुळीची एक भोवरी उठते, जरा नाचते आणि बसते. तेवढ्यात एखादी उशीची खोळ तिच्या तावडीत सापडली तर परत धुवायची. आकाश पांढरं असतं, निळं नाही. विहिरीचं पाणी सकाळीच काय ते गार लागतं.

संध्याकाळी नदीकडून थोडा वारा येतो. पण तो आळशी वारा आहे. दारापर्यंत येतो आणि आत यायचा कंटाळा करतो.

तुमच्यापुरतं

ताई, शेवटच्या दोन ओळी माझ्या नाहीत. यांना साबण हवा होता. मी मैदानावर. बाकीचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

कार्ड वाचून त्यांनी ते परत डब्यामागे, होतं तसंच ठेवलं. मला काही बोलले नाहीत. जेवणात मीठ कमी होतं, त्यावरही बोलले नाहीत, तेव्हा मला शंका आली. आज मी लिहायला बसले तर चहाचा कप घेऊन मागे उभे.

"नदीकडचा वारा राहिला," म्हणाले.

"कशात राहिला?"

"लिहितेयस त्यात."

मग उभ्या उभ्याच ते आळशी वाऱ्याचं सांगितलं, मी लिहिलं, आणि कप तिथेच विसरून गेले. दारातून मागे वळून विचारलं, "ऑपरेशनला का नको म्हणतोय?" मी म्हटलं, आता कशासाठी, असं म्हणतात. त्यावर ते चौकट नखाने खरवडत राहिले. त्यांच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं. पण लेखी माफी मागतील तर ते तुमचे दीर कसले.

मी मात्र तुम्हाला लेखी द्यायचं ते देऊन टाकते, नाहीतर पुन्हा राहून जाईल. मी नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा मला एवढंच माहीत होतं की ऊन पडलं की कपडे वाळतात. पहिल्याच आठवड्यात लख्ख उन्हात दिवसभर चादरी टांगल्या आणि संध्याकाळी त्या ओल्याच्या ओल्या. मी रडकुंडीला आलेली. तुम्ही हसला नाहीत. माझा हात धरून तारेवर ठेवलात आणि म्हणालात, "बोटं चिकटतात ना? म्हणजे हवा दमट आहे. ऊन नुसतं दिसायला असतं, वाळवतो तो वारा." नंतर मी आयुष्यभर लोकांकडेसुद्धा तसंच बघत आले, तोंडावरचं ऊन बाजूला ठेवून. हे तुमचं देणं आहे. आजपर्यंत आभार मानले नव्हते. आज मानते.

९ जुलै

मोठ्याने वाचायचं

रिपरिप लागली आहे. आपल्या जिल्ह्याचा पाऊस धो धो कोसळून मोकळा होत नाही. पाहुण्यासारखा येतो, निघतो निघतो म्हणतो आणि दारातच गप्पा मारत उभा राहतो. छत्री उघडली तर लोक हसतात, न उघडावी तर पोचेपर्यंत भिजायला होतं. टेकडी आठवडाभर दिसलेली नाही. भिंतींना घाम येतो, मीठ डब्यात गोळा होऊन बसतं, आगपेटी उगाच चिडवते.

आणि चादरी संध्याकाळपर्यंत वाळलेल्या असतात.

तुमच्यापुरतं

शेवटचं वाक्य कुणाचं ते सांगायला नको. पण त्याआधी तुमच्या पत्राबद्दल. मी ते यांना वाचून दाखवलं. तुम्ही "आळशी वारा" वाचलंत आणि भाऊजी म्हणाले, "थांब. हे तिचं नाही. हे धाकट्याचं आहे. अंगणात झोपायचो तेव्हापासून त्या वाऱ्याला आळशी म्हणणारा जगात एकच माणूस." तुम्हाला वाटलं आता कागद फाडतात. पण म्हणाले, "वाच पुढे." हे ऐकून इकडे यांनी नाक शिंकरलं आणि सर्दी झाली म्हणाले. पावसाळा आहे, मी सर्दीच धरली.

आता त्या वाक्याचं. तुम्हाला ते वर्ष आठवतंय. पाऊस हिवाळ्यापर्यंत रेंगाळला होता, चादरींना कुबट वास, दवाखान्याने काम काढून घेतलं. भाऊजी म्हणाले, वाळवायचं मशीन आणू. हे म्हणाले, ज्या वाऱ्यावर आपण जगलो त्याच्या तोंडावर दार लावायचं नाही. शब्दाने शब्द वाढला आणि यांच्या तोंडून निघून गेलं, "दादा, तुझ्या हातून आता काम होत नाही म्हणून तुला मशीन हवंय." भाऊजी तेव्हा पहाटेपासून हौदावर उभे राहायचे. त्या एका वाक्यावर ते उठले. मला वाटतं मशीन आणलं नाही याचा राग त्यांना कधीच नव्हता.

तर ताई, मशीन आलंय. दोन आणलीत. सुनेने गेल्या पावसाळ्यात सगळा कुबट वास नाकाने पाहिला, माझ्या मुलाला पुढे घातलं आणि घेऊन आली. हे आठवडाभर शेडकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस पाहते तर गरम दारावर हात ठेवून उभे. म्हणाले, "दादाचं बरोबर होतं." मला नाही म्हणाले, मशीनला म्हणाले.

काल मी विचारलं, हे भाऊजींना कळवू का? तर म्हणाले, "घरातली गोष्ट कळवायची नाही, असं त्याचं आहे ना? मग हवाच लिही. लिही, रिपरिप चालू आहे आणि चादरी संध्याकाळपर्यंत वाळलेल्या असतात." एवढं सांगून निघून गेले. तुमच्या दिराला माफी मागायला बारा वर्षं लागली, आणि मागितली तीही चादरीत गुंडाळून. पण मागितली. ते वाक्य जरा सावकाश वाचा.

४ ऑक्टोबर

तुमच्यापुरतं

ताई, तुमचं पत्र मी हौदावर बसून वाचलं. ते चादरींचं वाक्य भाऊजींनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग खिडकीकडे तोंड करून बसले. तुम्ही औषध द्यायला गेलात तेव्हा म्हणाले, "कुठल्या कंपनीची आहेत, विचार." आणि लगेच, "नको, विचारू नको." आणि रात्री झोपताना परत, "विचार."

विचारलंत, म्हणून कळवते. दारावर निळा पट्टा असलेली, आवाज फार करणारी. हे म्हणतात, दादाने निवडली असती तर याहून चांगली निवडली असती. हे वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, तुमच्यातला वकील मला माहीत आहे.

तुम्ही लिहिलंत, "तुझ्या पत्रांमुळे हे जेवायला लागले, तुझे उपकार." उपकार कसले ताई. माझा पहिला मुलगा पोटातच गेला तेव्हा सगळे मला अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवत होते. बाई, पड जरा. बाई, विसर आता. तुम्ही एकट्या आलात, म्हणालात, "चल, हात हवा आहे." मैदानाच्या शेवटच्या रांगेत, चारी बाजूंनी ओल्या चादरी, मध्ये आपण दोघी. म्हणालात, "इथे कुणाला दिसत नाही. वाराही आहे, ऐकूही जात नाही. काय रडायचं ते रड." आणि तुम्ही माझ्याकडे पाठ करून चादरी सरळ करत राहिलात, वाळून गेल्या तरी काढल्या नाहीत. त्या दिवशी तुम्ही मला माघारी आणलंत. हे तुम्हाला आठवत नसेल. मी एक दिवसही विसरले नाही.

भाऊजी ऑपरेशनला अजून नाहीच म्हणतात, हे वाचून मात्र पत्र मिटून ठेवलं. जेवतात, हसतात, पण "आता कशासाठी" सोडत नाहीत. यांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला राग आला की त्याला जोर येतो. बघतो."

मोठ्याने वाचायचं

आकाश धुऊन ठेवल्यासारखं आहे. जिल्ह्यात यापेक्षा चांगले दिवस नाहीत. ऊन आहे पण भाजत नाही, वारा आहे पण ओरबाडत नाही. मागच्या आठवड्यात एकदा गारा पडल्या, वाटाण्याएवढ्या. लोक बोराएवढ्या सांगतात. तारेवर टणटण वाजल्या आणि लगेच ऊन. सकाळी गवतावर दव असतं. टेकडी एवढी जवळ दिसते की हाक मारली तर ओ देईल.

आता महिना-दीड महिन्यात धुकं सुरू होईल. ते पूर्वी टेकडीच्या बाजूने आधी सरायचं. हल्ली तसं राहिलेलं नाही. टेकडी फोडून रस्ता काढल्यापासून ते नदीच्या बाजूने आधी सरतं.

२ डिसेंबर

तुमच्यापुरतं

ताई, भाऊजींनी स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ पाहिली. तुमच्या पत्राच्या कडेला, आडवी, पेन कागदातून आरपार जाईल एवढी दाबून: "धुकं टेकडीकडूनच सरतं. नदीकडून कधीही सरणार नाही. त्याला डोळे तपासायला सांग."

यांनी ती ओळ वाचली आणि एवढे खूश झाले की दुसऱ्यांदा चहा मागितला. मग माझ्या हातून पेन घेऊन खाली लिहायला बसले, "मी रोज बघतो. तू खिडकीतून समुद्र बघतोस." ते मी या पत्रासोबत पाठवतेय. म्हटलं, आजारी माणसाशी असं बोलतात का? म्हणाले, "आजारी माणूस म्हणून बोललो तर तो बरा कशाला होईल?"

आता परवाच्या तुमच्या पत्राने आमच्या घरात धावपळ उडाली आहे. "मी स्वतः येऊन बघतो," असं भाऊजी म्हणाले, तुमच्या लेकीने डॉक्टरांना विचारलं, डॉक्टर म्हणाले जपून न्या. तुमच्या गुडघ्याने मात्र घात केला. तुम्ही येणार नाही हे वाचून मी सुनेवर विनाकारण ओरडले, नंतर तिला जवळ घेतलं. तिला तुमच्याबद्दल सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि आज सकाळी आपण होऊन तारेला हात लावून बघत होती. तिच्या फोनमधल्या हवामानात सूर्य होता. ती म्हणाली, "आई, बोटं चिकटतात." दुपारी रिमझिम झाली.

भाऊजींची खोली झाडून घेतली. हे रोज पहाटे मैदानावर जाऊन उभे राहतात. मी विचारलं, खरंच नदीकडून सरतं का हो? मला म्हणाले, "तू तुझं काम कर."

मोठ्याने वाचायचं

धुकं सुरू झालंय. दाट आहे. चार तारांपलीकडचा माणूस दिसत नाही. गरम कपडे घेऊन या.

२१ जानेवारी

ताई,

हा सगळा कागद तुमच्यापुरता. मोठ्याने ऐकणारे सध्या पुन्हा शेडमध्ये आहेत, मशीनचं मागचं झाकण उघडून बसलेत आणि तुमच्या लेकीला पाना धरायला लावलंय.

बसमधून उतरले तेव्हा किती वाळलेत ते दिसलं. तुम्ही लिहिलं नव्हतंत. यांनी पुढे होऊन पिशवी घेतली. भाऊजींनी दिली. दोघे एक शब्द बोलले नाहीत. रिक्षात मीच बडबडत होते, हवेबद्दल, दुसरं काय.

आणि गंमत बघा, धुकं गायब. महिनाभर रोज पडत होतं, भाऊजी आले त्या सकाळपासून आकाश स्वच्छ. पहिल्या दिवशी दोघे पहाटे मैदानाच्या दोन टोकांना मफलर गुंडाळून उभे, एक टेकडीकडे तोंड करून, एक नदीकडे, आणि मध्ये लख्ख उजेड. सून हसू दाबत आत पळाली. दुसऱ्या दिवशी तेच. परतीचं तिकीट काढलेलं होतं. भाऊजी लेकीला म्हणाले, "पुढे ढकल. बघितल्याशिवाय जायचं नाही."

धुकं नसल्यामुळे चादरी भराभर वाळत होत्या आणि घड्या घालायला माणसं अपुरी. मी आणि सून इस्त्रीच्या टेबलाशी अडकलो होतो. मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही, तुम्हाला माहीत आहे. हे एकटेच एक टोक हनुवटीखाली धरून खटपट करत होते, चादर जमिनीला लागत होती. भाऊजी बाकावर बसून बघत होते. किती वेळ बघणार. उठले, गेले आणि दुसऱ्या टोकाचे दोन कोपरे उचलले.

मग दोघांनी ती ताणली. एकदा झटकली. कोपऱ्याला कोपरा लावला आणि आपल्याकडे करतात तसे एकमेकांच्या दिशेने चालत आले. मधोमध भाऊजींनी आपले कोपरे यांच्या हातात दिले. द्यायचे आणि मागे फिरून खालची कड उचलायची, एवढंच काम असतं. पण त्यांनी हात काढले नाहीत. यांनीही नाही. मी इस्त्री उभी करून ठेवली.

मग भाऊजी म्हणाले, "अजून डावी बाजू ढिली सोडतोस."

"तू घट्ट धरतोस म्हणून मला ढिली सोडावी लागते," हे म्हणाले.

बारा वर्षांत पहिलं बोलणं, आणि ते हे. पण ताई, त्यानंतर त्यांनी गठ्ठ्यातली एकूण एक चादर मिळून घडी केली. मध्येच भाऊजींना धाप लागली तेव्हा हे त्यांना धरून शेवटच्या रांगेत घेऊन गेले, जिथे अजून ओल्या चादरी होत्या. मला फक्त चादरीखालून चार पाय दिसत होते, बाजूबाजूला, हलत नव्हते. काय बोलले ते ऐकू आलं नाही. वारा होता. मी तिकडे पाठ केली आणि सरळ असलेल्या चादरी सरळ करत राहिले. ते तुमच्याकडूनच शिकलेय.

बाहेर आले तेव्हा दोघांचे डोळे लाल. दोघांनाही म्हणे साबणाची वाफ लागली. तारेवर साबणाची वाफ कुठून येणार, पण मी म्हटलं, हो, लागते.

आणि आज सकाळी धुकं पडलं. काय पडलं, ताई. स्वयंपाकघरातून हौद दिसत नव्हता. पण कुणाला वेळ होता? भाऊजींना मशीनचा आवाज खटकत होता, कुठला तरी पट्टा ढिला आहे म्हणून दोघे उजाडल्यापासून शेडमध्ये घुसलेले. मी दोनदा हाक मारली, "अहो, धुकं." आतून उत्तर आलं, "आलो, आलो." पट्टा बसवून, एकमेकांवर ओरडून, चहा पिऊन बाहेर आले तेव्हा मैदानावर स्वच्छ ऊन आणि मी चिमटे लावतेय.

दोघे दारात उभे राहिले. भाऊजी म्हणाले, "गेलं?"

"गेलं," मी म्हटलं.

"कुठून?" दोघांनी एकदम विचारलं.

मी म्हटलं, मी कामात होते, माझं काय लक्ष.

तेव्हा भाऊजी यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू." आणि ऐकून माझ्या हातातला चिमटा पडला. तुमच्या पत्रांत, या सगळ्या महिन्यांत, त्यांच्या तोंडी पुढचं वर्ष मी कधी वाचलं नव्हतं. यांच्याही ते लक्षात आलं. म्हणाले, "त्यासाठी आधी डॉक्टरांकडे जावं लागेल." भाऊजी नुसतं "हं" म्हणाले. ते "हं" हो होतं की नाही, ते मला कळलं नाही.

ताई, मी देवाचे, वाऱ्याचे, तुमच्या गुडघ्याचे, सगळ्यांचे आभार मानून झाले. गुडघ्याचे एवढ्यासाठी की तुम्ही इथे असतात तर हे पत्र लिहायला मिळालं नसतं. तुमच्या एका कार्डाने माझ्या घरात दोन भाऊ आणले. बोलायला शब्द उरला नव्हता तेव्हा तुम्ही हवा शोधून काढलीत. मी नवरी असताना तारेवर माझा हात ठेवणाऱ्या तुम्हीच, आणि आताही तुम्हीच.

एक धुतलेली चादर सोबत पाठवतेय. मैदानावर वाळवलेली आहे, मशीनमध्ये नाही. घडी दोघा भावांनी घातली आहे, डावी बाजू जरा ढिली आहे. उलगडायच्या आधी नाकाला लावा.

हे पत्र भाऊजींच्याच हाती देतेय. पाकीट चिकटवलंय, पण तुमच्या नवऱ्याला मी ओळखते, बस गावाबाहेर पडली की ते उघडणार. म्हणून शेवटचं थेट त्यांनाच लिहिते.

भाऊजी, मी खोटं बोलले. माझं पूर्ण लक्ष होतं. धुकं सरायला लागल्यापासून संपेपर्यंत मी मैदानाच्या मधोमध उभी होते आणि ते कुठल्या बाजूने सरलं हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. यांनाही सांगितलेलं नाही, कितीही विचारलं तरी सांगणार नाही. ऑपरेशन करून घ्या, ताईंना घेऊन पुढच्या हिवाळ्यात या, मग सांगते.

तुमची,
धाकटी